मलेरिया अंगात असूनही आजारी न पडणारी माणसे

पश्चिम आफ्रिकेतील माली देशात पावसाळा ओसरण्याच्या सुमारास एखाद्या खेड्यातील लहानथोर सर्वांच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब तपासला, तर काचपट्टीवर जे दिसते ते पहिल्यांदा पाहणाऱ्याला बुचकळ्यात टाकते. तापाने फणफणलेल्या चार वर्षांच्या मुलाच्या रक्तात मलेरियाचे परजीवी मोठ्या संख्येने असतात, यात नवल काही नाही. परंतु त्याच घरात, सकाळपासून बाजरीच्या शेतात राबून आलेल्या आजीच्या रक्तातही ते थोडेफार सापडू शकतात आणि तिला मात्र साधी कणकणही नसते. दोघांना चावणारे डास तेच असतात आणि परजीवीची जातही तीच, प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम ही सर्वांत घातक जात. फरक असतो तो आजीच्या शरीराने काही दशकांत जे कमावले आहे त्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली मलेरियाने जगभरात सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांतील बहुतेक मृत्यू आफ्रिकेत झाले आणि आफ्रिकेतील मृतांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. ज्या वयात ही कमाई अजून झालेलीच नसते, नेमके त्याच वयात मुले दगावतात, असा या आकड्यांचा अर्थ आहे.

येथे एक घोळ आधीच टाळलेला बरा. मलेरियापासूनचे काही संरक्षण माणसाला जन्मतःच मिळालेले असते. सिकलसेलचे जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आलेले असेल, तर त्या व्यक्तीला गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. विदर्भातील आणि नंदुरबारकडील आदिवासी समाजांत हे जनुक आढळते, त्यामुळे सिकलसेल हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. परंतु ते संरक्षण रक्ताच्या घडणीतच असते, त्यासाठी परजीवीची एकदाही गाठ पडावी लागत नाही. माली देशातील आजीची गोष्ट वेगळी आहे. तिची प्रतिकारशक्ती पुन्हा पुन्हा झालेल्या संसर्गातून, परजीवीच्या एकेका प्रथिनाची ओळख पटत पटत उभी राहिलेली आहे.

ही प्रतिकारशक्ती अनुभवातून येते, हे प्रथम नीट दाखवून दिले ते रॉबर्ट कॉख यांनी. क्षयाच्या जंतूचा शोध लावणारे हेच कॉख १८९९ आणि १९०० मध्ये जावा आणि न्यू गिनी बेटांवर गेले आणि तेथील गावांत वयानुसार रक्त तपासत बसले. मलेरियाने ग्रासलेल्या गावांत अगदी लहान मुलांच्या रक्तात परजीवी सर्रास सापडत, वाढत्या वयाबरोबर ते कमी होत जात आणि प्रौढांत क्वचितच दिसत. मळ्यांवर कामासाठी बाहेरून नव्याने आलेले मजूर मात्र कोणत्याही वयाचे असले तरी आजारी पडत. औषध न घेताही मोठी माणसे सुरक्षित राहतात, अर्थात लहानपणीच्या आजारपणाने त्यांना काहीतरी दिले असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या आणि वयाची नोंद एवढ्याच साधनांवर काढलेला हा निष्कर्ष सव्वाशे वर्षांनंतरही टिकून आहे, याचे मला व्यक्तिशः फार कौतुक वाटते.

शरीराला नेमके कशाशी लढायचे असते हे कळण्यासाठी परजीवीचा प्रवास थोडक्यात पाहावा लागेल. अॅनोफिलिस जातीची डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून स्पोरोझोइट नावाचे मोजके परजीवी त्वचेत उतरतात आणि रक्तावाटे यकृतात पोहोचतात. तेथे सुमारे आठवडाभर ते गुपचूप वाढतात. या काळात रोग्याला काहीही जाणवत नाही. मग यकृतातील प्रत्येक बाधित पेशीतून मेरोझोइट नावाचे हजारो नवे परजीवी रक्तात सुटतात आणि तांबड्या पेशींत शिरतात. तेथून दर ४८ तासांनी तांबडी पेशी फुटणे, तिच्यातून सोळा ते बत्तीस मेरोझोइट बाहेर पडणे आणि त्यांनी नव्या पेशींत शिरणे असे चक्र सुरू होते, आणि हुडहुडी भरून येणारा ताप हा या पेशी फुटण्याचा परिणाम असतो. फाल्सिपेरमच्या जनुकसंचाचा संपूर्ण क्रम २००२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात सुमारे ५,३०० जनुके आढळली. म्हणजे जवळपास तितकीच प्रथिने, आणि त्यांतील अनेक एकेका अवस्थेपुरतीच वापरली जाणारी. गोवराच्या विषाणूकडे प्रथिनांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी असते आणि एकदा गोवर आला की माणूस जन्मभर सुटतो. मलेरियाच्या बाबतीत असे का होत नाही, याचे निम्मे उत्तर या संख्येतच आहे.

यकृतापूर्वीच्या अवस्थेविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती फारसे काही करू शकत नाही. स्पोरोझोइटच्या पृष्ठभागावर सीएसपी नावाचे प्रथिन दाट पसरलेले असते, परंतु चावणाऱ्या डासागणिक येणारे स्पोरोझोइट थोडे असतात आणि ते रक्तात थांबतातही थोडाच वेळ. शरीराला त्यांची पुरेशी ओळख पटत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे मलेरियाच्या प्रदेशात राहिलेल्या माणसालाही नवा संसर्ग होतच राहतो. त्याच्या शरीराने कमावलेले शहाणपण मुख्यतः रक्तातील अवस्थेविरुद्ध कामी येते.

याचा थेट पुरावा १९६१ साली गांबियातून मिळाला. सिडनी कोहेन, इयन मॅक्ग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गांबियातील प्रौढांच्या रक्तातून गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे रक्तद्रवातील प्रतिपिंडांचा (अँटिबॉडीजचा) भाग, वेगळा काढला आणि मलेरियाने आजारी असलेल्या लहान मुलांना तो टोचला. मुलांचा ताप उतरला आणि रक्तातील परजीवींची संख्या काही दिवसांत झपाट्याने घटली. मलेरियाशी कधी संबंध न आलेल्या ब्रिटिश प्रौढांच्या प्रतिपिंडांनी असा परिणाम झाला नाही. आजारी मुलांवर असा प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती सहजी मंजूर करणार नाही, परंतु त्यातून जे कळले ते अमूल्य होते. पेशीत आधीच शिरून बसलेले परजीवी टोचणीनंतरही वाढत राहिले होते. ते पेशी फोडून बाहेर पडल्यावर मात्र त्यांची पुढची पिढी रोडावली. प्रतिपिंडांचा मारा एका पेशीतून दुसरीत जाऊ पाहणाऱ्या मेरोझोइटवर होत असावा, असा याचा अर्थ होता. पुढे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आफ्रिकी प्रौढांची प्रतिपिंडे थायलंडमधील रुग्णांना दिली गेली आणि तेथील परजीवींवरही त्यांचा प्रभाव पडला. हजारो मैलांवरच्या दोन परजीवींत काही प्रथिने समान असल्याशिवाय हे घडले नसते. याच प्रतिपिंडांनी प्रयोगशाळेतील बशीत मात्र एकट्याने परजीवींची वाढ फारशी रोखली नव्हती. मोनोसाइट या पांढऱ्या पेशी सोबत मिसळल्या तेव्हाच ती रोखली गेली. प्रतिपिंड स्वतः मारतेच असे नाही. बरेचदा ते परजीवीवर चिकटून इतर पेशींना आणि रक्तातील पूरक प्रथिनांना तो दाखवून देते.

मेरोझोइटच्या अंगावर आणि त्याच्या टोकाशी असलेल्या पिशव्यांत तांबड्या पेशीला पकडण्यासाठी आणि आत शिरण्यासाठी लागणारी प्रथिने असतात, आणि शास्त्रज्ञांनी त्यांना एमएसपी-१, एमएसपी-२, एएमए-१, आरएच-५ अशी रुक्ष नावे दिली आहेत. आजीच्या रक्तात यांपैकी अनेकांविरुद्ध प्रतिपिंडे मुबलक सापडतात. मग त्यांतील एखादे प्रथिन घेऊन त्याची लस का करू नये? हाच प्रयत्न एएमए-१ बाबत माली देशात झाला आणि त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. लस दिलेल्या मुलांत मलेरियाचे प्रमाण एकंदरीत सुमारे १७ टक्क्यांनीच घटले, म्हणजे जवळपास नाहीच. परंतु लसीत वापरलेल्या प्रथिनाशी जुळणारा परजीवी ज्यांना भेटला त्यांच्यापुरते पाहिले, तर घट सुमारे ६४ टक्के होती. एकाच गावातील परजीवींत एएमए-१ ची अनेक रूपे फिरत असतात आणि एका रूपाची ओळख दुसऱ्याच्या कामी येत नाही. असेच काहीसे व्हिएन्नातील डॉक्टरांना फार पूर्वी दिसले होते: १९१७ पासून तेथे मेंदूपर्यंत गेलेल्या उपदंशावर मुद्दाम मलेरियाचा ताप आणण्याचा उपचार सुरू झाला आणि पुढे इतर देशांतही या पद्धतीच्या रुग्णांवरून लक्षात आले की, परजीवीच्या एका वाणाच्या, म्हणजे उपप्रकाराच्या, संसर्गातून बरा झालेला रोगी त्याच वाणाला दाद देत नाही, पण दुसऱ्या वाणाने पुन्हा तापतो.

यापेक्षाही अवघड प्रकरण पीएफईएमपी-१ या प्रथिनाचे आहे, आणि मला विचाराल तर मलेरियाच्या प्रतिकारशक्तीची खरी गंमत तेथेच आहे. तांबड्या पेशीत शिरलेला फाल्सिपेरम हे प्रथिन तयार करून त्या पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर लावतो. त्यामुळे ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून राहते आणि पानथरीकडे जात नाही. गेली असती तर जुन्या, बिघडलेल्या पेशींबरोबर तिचाही तेथे निकाल लागला असता. मात्र पेशीच्या बाहेर लावलेले प्रथिन प्रतिपिंडांच्या नजरेस पडते, आणि म्हणून परजीवीने त्याची साठेक वेगवेगळी रूपे बाळगलेली असतात. गावात बहुरूपी जसा आज फौजदार, उद्या साधू होऊन येतो आणि ओळखू येऊ लागला की सोंग बदलतो, तसा हा परजीवी व्हार नावाच्या जनुकांच्या कुटुंबातील एका वेळी एकच जनुक वापरतो आणि प्रतिपिंडे तयार होऊ लागली की त्याच्या पुढच्या पिढ्यांतील काही जण दुसरे जनुक वापरू लागतात. त्यात भर म्हणजे दुसऱ्या वाणाकडची साठ रूपे पुन्हा वेगळी असतात.

ही सर्व रूपे सारखीच घातक नसतात, हे मात्र माणसाच्या पथ्यावर पडते. रक्तवाहिन्यांच्या आतील ईपीसीआर या प्रथिनाला चिकटणारी काही रूपे गंभीर मलेरियाशी जोडलेली आहेत, असे २०१३ साली दाखवले गेले. रूपांची ही धोकादायक शाखा मर्यादित असल्याने तिची ओळख तुलनेने लवकर पटत असावी, आणि बहुधा म्हणूनच मुले प्रथम मरणाच्या दारापासून वाचू लागतात, मग काही वर्षांनी साध्या तापापासून, आणि परजीवी रक्तात अजिबात न राहू देण्याइतकी प्रतिकारशक्ती तर बहुतेकांना कधीच येत नाही.

गर्भवती स्त्रीच्या बाबतीत हीच गोष्ट फार स्पष्ट दिसते. लहानपणापासून मलेरियाच्या प्रदेशात वाढलेली, वर्षानुवर्षे ताप न आलेली स्त्री पहिल्या गर्भारपणात पुन्हा आजारी पडते, तिला पंडुरोग होतो, बाळ कमी वजनाचे जन्मते. दाईंना आणि डॉक्टरांना हे ठाऊक होते, कारण मात्र कळत नव्हते. मिखाल फ्रीड आणि पॅट्रिक डफी यांनी १९९६ साली दाखवले की वारेत, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या अवयवात, साठणाऱ्या परजीवींनी बाधित पेशी कोंड्रॉइटिन सल्फेट-ए या पदार्थाला चिकटतात. त्यासाठी लागणारे रूप पुढे व्हार-टू-सीएसए म्हणून ओळखले गेले. वारच नव्हती तोवर हे रूप घेऊन परजीवीला चिकटायला जागाच नव्हती. त्यामुळे स्त्रीच्या शरीराची त्याच्याशी गाठ पडलेली नव्हती. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपर्यंत त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि धोका घटत जातो. पुरुषांच्या रक्तात ही प्रतिपिंडे सहसा आढळत नाहीत.

एवढे असूनही एक प्रश्न उरतोच. दरवर्षी कित्येकदा चावा सोसणाऱ्या मुलाला ही ओळख पटायला इतकी वर्षे का लागावीत? पीटर क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला माली देशातील अभ्यास याबाबत बोलका आहे. परजीवीच्या सुमारे एक चतुर्थांश प्रथिनांचे ठिपके काचेवर लावून त्यांनी २२० जणांच्या रक्तातील प्रतिपिंडे सहा महिन्यांच्या मलेरियाच्या हंगामापूर्वी आणि नंतर तपासली. हंगामात मुलांची प्रतिपिंडे चांगलीच वाढली. परंतु हंगामापूर्वी वेगवेगळ्या वयाच्या मुलांची तुलना केली, तेव्हा वयाबरोबरची वाढ अगदी माफक दिसली, अर्थात पावसाळ्यातील कमाईतला बराचसा भाग कोरड्या महिन्यांत विरून जात असला पाहिजे. त्याच अभ्यासात, ज्या आठ ते दहा वर्षांच्या मुलांना संसर्ग होऊनही ताप आला नाही, त्यांच्या रक्तात हंगामापूर्वीच ४९ प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे इतरांहून अधिक होती. त्या गटांतील मुले थोडी होती, म्हणून या आकड्यावर फार भार टाकू नये. पण केनियातील किलिफी येथे फेथ ओसिए यांनी केलेले कामही त्याच दिशेचे आहे. तेथेही एखाद्या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांपेक्षा किती प्रथिनांविरुद्ध आणि किती प्रमाणात प्रतिपिंडे आहेत, यावरून संरक्षणाचा अंदाज अधिक चांगला येत होता.

वयाचा स्वतःचाही काही वाटा असतो. इंडोनेशिया सरकारने मलेरिया नसल्यात जमा असलेल्या जावा बेटावरून हजारो कुटुंबे इरियन जया प्रांतातील घनदाट मलेरियाच्या भागात वसवली, तेव्हा केव्हिन बेअर्ड यांना एक दुर्मीळ तुलना करता आली, कारण तेथे आईवडील आणि मुले यांचा मलेरियाशी संबंध एकाच दिवशी सुरू झाला होता. दोनेक वर्षांत प्रौढांना जेवढे संरक्षण मिळाले तेवढे मुलांना मिळाले नाही. केवळ चाव्यांची संख्या हाच निकष असता तर दोघे बरोबरीने पुढे गेले असते.

कमावलेले टिकते किती, याबाबत सरसकट विधान करता येत नाही. आफ्रिकेतून युरोपात स्थायिक झालेली माणसे बऱ्याच वर्षांनी गावी गेली की त्यांना मलेरियाचा ताप येतो, म्हणजे संरक्षण ओसरलेले असते; तरी त्यांच्यात मृत्यू तुलनेने कमी होतात. मादागास्करच्या पठारावरून मलेरिया जवळपास हद्दपार झाल्यावर १९८० च्या दशकाच्या शेवटी तो जोराने परतला, तेव्हा जुन्या काळातील मलेरिया ज्यांनी लहानपणी भोगला होता ती वयस्कर माणसे तरुणांपेक्षा कमी आजारी पडली. भारतात बहुतेक ठिकाणी संसर्ग इतका विरळ आणि अनियमित आहे की अशी प्रतिकारशक्ती घडतच नाही, म्हणून मुंबईत मलेरिया झाला तर तो धडधाकट तरुणालाही आडवा करतो. आणि नोकरीनिमित्त नायजेरिया किंवा टांझानियात जाणारा मराठी माणूस, लहानपणी एकदोनदा हिवताप होऊन गेलेला असला तरी, तेथील फाल्सिपेरमच्या दृष्टीने नवखाच असतो. त्याने प्रतिबंधक गोळ्या टाळू नयेत. ओडिशाच्या दुर्गम डोंगराळ भागात मात्र ताप नसलेले संसर्गबाधित इतके सापडतात की, तेथील शासनाला २०१७ पासून धडधाकट दिसणाऱ्यांचेही रक्त तपासून उपचार देण्याची मोहीम चालवावी लागली. ताप आलेल्याचेच रक्त तपासायचे, ही नेहमीची पद्धत अशा ठिकाणी अपुरी पडते, कारण लक्षणे नसलेल्या माणसाला चावूनही डास परजीवी पुढे नेतो.

लसीच्या बाबतीत या सगळ्याने एक उलटा धडा दिला. आज वापरात असलेल्या दोन्ही लसी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली शिफारस केलेली आरटीएस,एस आणि २०२३ साली शिफारस केलेली आर२१, आजीच्या शरीराची नक्कल करत नाहीत. नैसर्गिक प्रतिकारशक्ती ज्याकडे जवळपास दुर्लक्ष करते, त्या स्पोरोझोइटवरील सीएसपी प्रथिनाविरुद्ध त्या प्रतिपिंडांचा मोठा साठा तयार करतात. आर२१ ऑक्सफर्डमध्ये घडली आणि तिचे उत्पादन पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट करते. हंगामी मलेरियाच्या भागांत हंगामाच्या तोंडावर दिल्यास पहिल्या वर्षी तिने तापाचे प्रसंग सुमारे ७५ टक्क्यांनी घटवले. परंतु स्पोरोझोइट अडवले गेले की रक्तातील अवस्थेशी गाठही कमी पडते, आणि मग तिची ओळख पटणे लांबते. किलिफी येथे आरटीएस,एस चे तीन डोस दिलेल्या मुलांचा सात वर्षे मागोवा घेतला, तेव्हा पहिल्या वर्षीची सुमारे ३६ टक्के परिणामकारकता सात वर्षांच्या हिशेबात ४ टक्क्यांवर आलेली होती, आणि जेथे डासांचा उपद्रव अधिक होता तेथे पाचव्या वर्षी लस घेतलेल्या मुलांनाच ताप अधिक येत होता. चौथ्या डोसाची शिफारस का आहे, हे यावरून ध्यानात यावे.

रक्तातील अवस्थेविरुद्धची लस अद्याप चाचण्यांत आहे आणि तिच्यासाठी निवडलेले प्रथिनही आजीच्या प्रतिपिंडांना फारसे सरावाचे नसलेले असेच आहे. आरएच-५ या प्रथिनावाचून फाल्सिपेरमला तांबड्या पेशीत शिरता येत नाही. तांबड्या पेशीवरील बेसिजिन या प्रथिनाला ते चिकटते, हे २०११ साली कळले, आणि एएमए-१ सारखी त्याची असंख्य रूपे नसतात. बुर्किना फासो येथील लहान मुलांवरील चाचणीत, तिसरा डोस लांबवून दिला तेव्हा, आरएच-५ च्या लसीने सहा महिन्यांत तापाचे प्रसंग सुमारे ५५ टक्क्यांनी कमी केले. मेरोझोइट एका पेशीतून सुटून दुसरीत शिरेपर्यंत फार तर मिनिट-दोन मिनिटे जातात आणि त्यातही आरएच-५ उघडे पडते ते अखेरच्या काही क्षणांपुरते. एवढ्या अवधीत त्याला गाठण्यासाठी रक्तात प्रतिपिंडे फार मोठ्या प्रमाणात हजर असावी लागतात, आणि नैसर्गिक संसर्गातून तेवढे प्रमाण क्वचितच गाठले जाते.